नंबरापासून वाडीपर्यंत

मॉरिशसहून येणाऱ्या चौकशीत बहुतेक वेळा पाच-सहा गोष्टी असतात. एक नंबर. एक नाव, बापाचं नाव, वय. जहाज पोचल्याची तारीख. आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या गावाचं नाव, कुणा कारकुनाने कानावर पडलं तसं रोमन अक्षरांत उतरवलेलं. आडनाव नसतं. पाठवणारा पाचव्या-सहाव्या पिढीतला असतो. घरात क्रिओल बोलतो, कचेरीत इंग्रजी-फ्रेंच लिहितो, गणपतीत मात्र मराठी आरत्या म्हणतो. पत्र कितीही लांब असलं तरी शेवटी प्रश्न एकच: आमचं घर कुठलं?

रत्नागिरीत हे प्रश्न ज्यांच्याकडे येतात त्या शाळेत इतिहास शिकवायच्या. शिकवता शिकवताच त्या मोडी शिकल्या. निवृत्तीनंतर लोकांच्या जमिनीच्या कामासाठी जुने कागद वाचून देणं हा त्यांचा व्यवसाय झाला. परिसरात त्यांना अजून सगळे ‘बाई’च म्हणतात, तेव्हा इथेही बाईच म्हणू. जमिनीच्या कागदांचे त्या पैसे घेतात. मॉरिशसच्या कामाचे घेत नाहीत, कारण उत्तर मिळेलच याची हमी त्यांना देता येत नाही.

हे लोक गेले कसे, याची हकिकत मराठी वाचकांना फारशी माहीत नाही. बिहारच्या गिरमिटियांवर, म्हणजे करारावर समुद्रापार गेलेल्या मजुरांवर, पुष्कळ लिहिलं गेलं. कोकणातून गेलेल्यांबद्दल तेवढं लिहिलं गेलं नाही. मॉरिशसमध्ये १८३५ साली कायद्याने गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळेवाल्यांना स्वस्त मजूर लागू लागले. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अ‍ॅटलास’ जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला उतरले होते. तिथून १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास हिंदुस्थानी माणसं करारावर त्या बेटावर गेली. बहुतेक आजच्या बिहार-उत्तर प्रदेशातली, त्याखालोखाल मद्रास इलाख्यातली. १८४२च्या कायद्याने मुंबई बंदरातूनही मजूर नेण्याची परवानगी मिळाली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, पुणे या भागांतली माणसं जहाजांत चढली. करार साधारण असा: महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, थोडं तेल. एक दिवस कामाला न येणाऱ्याची दोन दिवसांची मजुरी कापायची, हाही तिथला नियमच.

बंदरावर उतरलं की १६ दगडी पायऱ्या चढून डेपोत जायचं. तो डेपो आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखला जातो आणि २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. प्रत्येकाला तिथे नंबर मिळायचा. मजुराचं पुढचं सगळं कागदोपत्री आयुष्य त्या नंबरावर चालायचं: कोणत्या मळ्यावर गेला, करार कधी संपला, लग्न कुणाशी झालं, मेला कधी. १८६७च्या कायद्याने जुन्या मजुरांनाही फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगणं सक्तीचं झालं. तिकीट जवळ नसेल तर तुरुंग. माणसांवर नजर ठेवण्यासाठी उभारलेली ही यंत्रणा आज त्यांच्या पणतू-खापरपणतूंना वाट दाखवते, ही गोष्ट बाईंना कधीच सहज पचलेली नाही. रजिस्टरातली अंगावरच्या व्रणांची वर्णनं वाचताना त्यांना राग येतो. ती वर्णनं माणूस पळून गेला तर पकडता यावा म्हणून लिहिलेली आहेत.

ही रजिस्टरं आता मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. २०१५ साली युनेस्कोने त्यांना जागतिक स्मृतिठेव्यात स्थान दिलं. तिथल्या जन्म-लग्नाच्या नोंदींत हिंदी मजुराचा नंबर लिहिण्याची पद्धत होती. त्यामुळे आजचा माणूस स्वतःच्या दाखल्यापासून आजोबा, पणजोबा असं मागे जात जात नंबर असलेल्या कागदापर्यंत पोचतो आणि तो नंबर घेऊन मोक्याला जातो. मॉरिशसच्या बाजूची साखळी बहुतेकदा पुरी होते.

अडतं ते इकडे.

एक नोंद जवळून पाहू. माणसांची नावं बदलली आहेत. धोंडू, बापाचं नाव बाबाजी, वय २२, उंची पाच फूट दोन इंच, कपाळावर डाव्या बाजूला व्रण, जात मराठा, जिल्हा ‘रटनाघेरी’, परगणा पुन्हा ‘रटनाघेरी’, गाव ‘कोंडोली’. परगण्याच्या रकान्यात कारकुनाने जिल्हाच पुन्हा लिहून ठेवला, म्हणजे तालुका कळायचा मार्ग बंद. बाईंनी आधी जवळ जाणारी गावं मांडली. खेड तालुक्यात कोंडिवली आहे, संगमेश्वरात कोंडिवरे, राजापुरात कोंडये. अनोळखी नाव उतरवताना कारकुनाकडून ‘र’चा ‘ल’ होणं अशक्य नव्हतं, तेव्हा कोंडिवरे यादीतून काढता येत नव्हतं. शिवाय रत्नागिरीत वाडीलाच कोंड म्हणायची रीत. एखाद्या मोठ्या गावाची छोटी कोंड असेल तर तिचं नाव नकाशावर मिळायचं नाही.

मग त्यांनी त्या कुटुंबाला कळवलं की मोक्यातल्या लोकांना विनंती करा, तुमच्या नंबराच्या मागच्या-पुढच्या नंबरांचे फक्त गावांचे रकाने वाचून दाखवा. नावं नकोत, ती दुसऱ्यांची आहेत. ही युक्ती बाईंना अनुभवाने सुचली. माणूस परमुलखात एकटा क्वचितच जातो. एका गावचे, शेजारगावचे चौघे-सहा जण एका मुकादमाच्या भरवशावर निघतात, जहाजात एकत्र बसतात आणि डेपोच्या रांगेतही एकमेकांना धरून उभे राहतात. त्यामुळे त्यांचे नंबर लागोपाठ येतात. उत्तर आलं त्यात ‘अराउली’ होतं आणि दोनदा ‘माकझुन’. आरवली आणि माखजन. दोन्ही संगमेश्वर तालुक्यातली, आणि कोंडिवरे त्यांच्याच पट्ट्यातलं.

कुटुंबाला एवढ्यावर आनंदाने पत्र लिहिता आलं असतं. बाईंनी लिहिलं: ‘बहुधा कोंडिवरे. आरवली-माखजन परिसर मात्र नक्की.’ या दोन वाक्यांतलं अंतर त्या फार जपतात. त्यांच्या प्रत्येक उत्तराच्या शेवटी तीन भाग असतात: कागदावर सिद्ध झालेलं, संभवनीय आणि ऐकीव. ऐकीवातलं काही पहिल्या भागात सरकवायचा मोह समोरच्याला होतो, आपल्याला व्हायला नको, असं त्या शिकायला येणाऱ्या मुलांना सांगतात.

धोंडूचं घर शोधायचं तर त्या काळचे कोकणातले कागद लागतात, आणि तिथे खोती आडवी येते. दक्षिण कोकणात सारा वसूल करायचा तो खोताने. सरकारला गावाची रक्कम मिळाली की पुरे. तिच्यामागे कोणकोण कुळं राबतात, त्यांची नावं काय, हे सरकारी दप्तरात नीट उतरायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. मोजणी झाली, खोत आणि कुळ यांचे हक्क लिहिणारी बोटखतं तयार झाली, १८८० साली खोती कायदा आला. जन्म-मृत्यूच्या गावपातळीवरच्या सलग नोंदीही हाती लागतात त्या मुख्यतः त्यानंतरच्या. मुंबई बंदरातून मॉरिशसला जाणारे बहुसंख्य तोवर कधीच जाऊन पोचले होते. म्हणजे ज्या पिढीचा कागद तिकडे नंबरासकट, उंचीसकट, व्रणासकट आहे, त्या पिढीचा कागद इकडे जवळजवळ नाही. गरीब कुळाचं नाव पहिल्यांदा कुठल्या सरकारने नीट लिहून ठेवलं असेल तर ते त्याला उसाच्या मळ्यात जुंपणाऱ्या सरकारने. बाई हे सांगताना थांबतात. त्यांचे स्वतःचे पूर्वजही खोतांची कुळं होती.

आणखी एक अडचण मुंबईची. कोकणातला माणूस त्याही काळात मुंबईला जात होता. पलटणीत, गोदीवर, पुढे १८५०च्या दशकात गिरण्या उभ्या राहिल्या तिथे. मजूर गोळा करणाऱ्यांना असा माणूस मुंबईतच आयता सापडे. त्याने सांगितलेलं गाव जन्माचं असेल, आजोळचं असेल, किंवा ज्या गाववाल्यांच्या खोलीत तो उतरला त्यांचं असेल. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार आहे. मजूर पाठवण्यासंबंधीचा सरकारी पत्रव्यवहार तिथे वाचायला मिळतो, पण तो अधिकाऱ्यांनी अधिकाऱ्यांना लिहिलेला. त्यात धोंडू भेटत नाही.

सातारा, कोल्हापूरकडचं घराणं असेल तर थोडी जास्त आशा असते. तिकडे हेळवी येतात, घराण्याच्या वंशावळी राखणारे आणि म्हणून दाखवणारे. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांकडे जात, गाव, आडनाव यांप्रमाणे लावलेल्या नामावळ्या असतात. कुणी भाऊ यात्रेला गेला असेल तर त्याने घरच्या सगळ्यांची नावं सांगितलेली असतात, समुद्रापार गेलेल्या भावाचंसुद्धा. बाईंनी नाशिकला अशा वह्या पाहिल्या आहेत. रत्नागिरीच्या गरीब कुणब्याला मात्र नाशिकची यात्रा परवडत नव्हती. त्याची यात्रा ग्रामदेवतेच्या देवळापाशी संपायची.

म्हणून शेवटी गावातच जावं लागतं, आणि तिथे पहिला प्रश्न जमिनीचा येतो.

असंच एकदा बाई एका वाडीत गेल्या. गाव इथे सांगत नाही. मॉरिशसचं एक जोडपं महिन्याभराने येणार होतं आणि त्याआधी भावकीशी बोलून ठेवावं, असा विचार. अंगणात सात-आठ पुरुष जमले. चहा झाला. बाईंनी रजिस्टराच्या उताऱ्याची प्रत काढली, तशी ती हातोहात फिरली. कुणी वाचली नाही. मग त्यांतल्या वडीलधाऱ्या माणसाने विचारलं, “बाय, पावणा येतोय तर येऊंदे. जेवूंदे, ऱ्हाऊंदे. पण सात-बाऱ्याला नाव लावायचा बोलायचा नाय, काय?”

ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्या सामाईक खात्यावर आधीच पन्नासच्या वर नावं. मुंबईला गेलेल्यांच्या वारसांची नावं लागलेली, मयतांची उतरायची राहिलेली, रस्त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे वाटपावरून अडकलेले. अशा वेळी कुणीतरी येतो आणि वंशावळ मागतो, तर माणसं दचकणारच. बाईंनी तिथल्या तिथे कागद मागवला. आलेल्या पाहुण्यांची चौकशी केवळ कुळाच्या माहितीसाठी आहे, जमिनीशी तिचा संबंध नाही, असं त्यावर लिहून सही केली. पाहुणे आल्यावर त्यांचीही सही घेतली. कायद्याच्या दृष्टीने त्या कागदाला किती अर्थ होता हे वकील सांगतील. पण तो कागद झाल्यावर त्या वडीलधाऱ्या माणसाने घरातून पत्र्याची पेटी आणवली.

पेटीत बोटखताची नक्कल होती, दोन जुने दस्त होते आणि एका कज्ज्यासाठी पूर्वी कधीतरी तयार केलेली वंशावळ होती. मूळ पुरुष वर, खाली चार मुलगे. तिघांखाली फांद्या वाढत गेलेल्या. चौथ्याचं नाव बाबाजी, त्याला एक मुलगा आणि त्या मुलाच्या नावापुढे मोडीत दोन शब्द: ‘परागंदा, निर्वंश’.

बाईंनी ते मोठ्याने वाचलं तेव्हा अंगणात पहिल्यांदा कुणी जमिनीचं बोललं नाही. परागंदा झालेल्या माणसाचा निर्वंश झाला हे लिहिणाऱ्याला कळलं कसं? कळलं नव्हतं. कोर्टापुढे वाटणी सोपी व्हावी म्हणून लिहिलं होतं. बाईंच्या फोनवर मात्र मॉरिशसच्या कुटुंबाने पाठवलेला तक्ता होता, सहा पिढ्यांचा, पडद्यावर सरकवत बघावा लागेल इतका रुंद. रजिस्टरातला माणूस तोच हा मुलगा का? नाव जुळत होतं, बापाचं नाव जुळत होतं, गाव जुळत होतं, काळही साधारण जुळत होता. पण बाबाजीचा मुलगा असा त्या परगण्यात एकच नसणार. बाईंनी त्याही उत्तरात ‘संभवनीय’ हाच शब्द ठेवला. पाहुणे आले तेव्हा त्यांना तो शब्द समजावून सांगितला. बाई त्यांच्या डोळ्यांकडे बघून सांगतात, टाळत नाहीत. नवऱ्याला वाईट वाटलं. बायकोने विचारलं, मग पुढे काय केलं तर खात्री होईल? हा प्रश्न बाईंना सगळ्यांत आवडतो.

आडनावाबद्दल त्या ताठर आहेत. मॉरिशसमध्ये पहिल्यांदा आलेल्या माणसाचं नावच पुढे आडनाव झालं. रामजी, सखाराम, भिवाजी ही आज तिथली आडनावं आहेत. त्यांच्या आजच्या वंशजाला इथे आल्यावर ‘खरं’ आडनाव हवं असतं. एकाच वाडीत एका आडनावाची वस्ती असेल, तर हे तुमचं म्हणून सांगून टाकावं असा आग्रह गावकरीही करतात. बाई सांगत नाहीत. कोकणात आडनावं बदलली, गावावरून पडली, एकाच भावकीत दोन झाली. दीडशे वर्षांपूर्वी बोटीत बसलेला माणूस स्वतःला काय म्हणवत होता याचा कागद नाही, तर ते नाव देण्याचा अधिकार आपल्याला नाही, असं त्यांचं मत. हे लिहिणाऱ्यालाही ते पटतं. सखाराम हे आडनाव एखाद्या कुटुंबाने सहा पिढ्या मिरवलं. ते खोटं कशाने ठरतं?

जातीचा रकाना सगळ्यांत अवघड. मॉरिशसमध्ये इकडून गेलेले सगळे हळूहळू ‘मराठी’ या एका समाजात आले. लग्नं झाली, मंडळं निघाली, मुलांना शाळेत मराठी शिकवलं जाऊ लागलं. घराघरांत गोष्टी तयार झाल्या: आमचे पूर्वज सरदार होते, किल्लेदार होते, राजाच्या फौजेतून बंडानंतर निसटले. रजिस्टरात कुणब्याची, महाराची, गुरवाची, भंडाऱ्याची नोंद निघते. बाई जात लपवत नाहीत आणि पहिल्या पत्रात लिहीतही नाहीत. समोरच्याने विचारलं की सांगतात, आणि त्याबरोबर हेही सांगतात की तो रकाना कारकुनाने भरलेला आहे. एकदा महार पूर्वज निघालेल्या एका तरुणीने त्यांना उलट लिहिलं की घरातल्या मोठ्यांना अजून सांगितलेलं नाही, पण मला स्वतःला आंबेडकरांविषयी वाचायचं आहे, कुठून सुरुवात करू? बाईंनी तिला पुस्तकांची यादी पाठवली. तिच्यात खोतीबद्दलचं एक टिपणही घातलं: १९३७ साली मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं होतं, आणि तिचा पूर्वज ज्या व्यवस्थेतून निघाला असावा ती हीच.

कागद संपले की बाई गाण्यांकडे वळतात. रत्नागिरीत गणपतीत जाखडी नाचतात, पायांत चाळ, मधे मृदंग, भोवती फेर. मॉरिशसचे मराठी लोकही गणपतीत ‘झाकरी’ नाचतात. तिथे पहिला गणेशोत्सव १८९६ साली हेन्रिएटा गावात झाला असं सांगतात, आणि आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. लग्नाआधी घरात गोंधळ घालणारी कुटुंबं तिथे आहेत. गोंधळात देवांना आवाहन करताना गावदेवीची, कुलस्वामिनीची नावं घेतली जातात. ती नावं पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ राहिली, अर्थ विसरूनही. म्हणून चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला बाई लिहितात: घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला गोंधळातली नावं म्हणायला लावा आणि रेकॉर्ड करून पाठवा. उच्चार सुधारू नका. एका रेकॉर्डिंगमधल्या देवीच्या नावाने त्यांना दोन तालुक्यांतला संशय मिटवून दिला होता. हा कोर्टात चालणारा पुरावा नव्हे, पण उद्या कुठल्या गावात जाऊन विचारायचं हे त्यावरून ठरवता येतं.

अलीकडे या कामाला गर्दी वाढली आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या तेव्हा भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, कार्ड मिळण्याची तरतूद जाहीर झाली. त्यानंतर येणाऱ्या काही पत्रांत घाई असते. बाई त्यांना नम्रपणे कळवतात की कार्डासाठीची साखळी तिकडच्या कागदांतून जुळवा, कोकणातल्या वाडीसाठी अडून राहू नका. इकडे २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि राज्यभर तहसील कचेऱ्यांतली मोडी दप्तरं उघडली गेली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. बाईंकडे तेव्हा शिकायला आलेली मुलं नोकरीच्या आशेने आली होती. त्यांतली काही टिकली, आणि जुनी बोटखतं वाचताना ‘परागंदा’ शब्द दिसला की आता ती नाव, बापाचं नाव आणि गाव वेगळ्या वहीत उतरवून घेतात. त्यासाठी आधी घरच्यांची परवानगी घ्यायची, हा बाईंचा नियम.

बिहारला या गोष्टीची सवय झाली आहे. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांचे वडील भोजपूरच्या हरिगावचे, हे तिथे सर्वांना ठाऊक असतं. २०१२ साली त्रिनिदादच्या पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर बक्सर जिल्ह्यातल्या पूर्वजांच्या गावी आल्या तेव्हा अख्खा गाव लोटला होता. कोकणच्या वाट्याला असा दिवस अजून आलेला नाही, आणि बाईंना त्याची ओढही नाही. त्यांना हवी आहे ती गावांची यादी. एकेका कुटुंबाचा शोध घेण्याऐवजी एकेक जहाज घ्यावं, त्यातले मुंबई बंदरातून चढलेले सगळे नंबर ओळीने लावावेत, गावांचे मोडके उच्चार एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत. एकट्या नोंदीतून न उलगडणारं गाव शेजारच्या चार नोंदींमुळे उलगडतं, हे त्यांनी पाहिलं आहे. मोक्याच्या संस्थेला त्यांनी तसा प्रस्ताव लिहिला आहे. पहिलं जहाज कोणतं घ्यायचं हेही ठरलंय: धोंडूचं.